फहादच्या खोलीतला स्पीड

या सगळ्या प्रकरणात अलफियाला काय मिळणार होतं ते आधी मांडून टाकू, म्हणजे तिनं पुढे जे उद्योग केले ते कळायला सोपं जाईल. तिला नवरा मिळणार होता. पूर्णवेळ. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि त्या नऊ वर्षांत फहाद घरी राहिला होता एकूण अकरा महिने चार दिवस. हा आकडा अलफियाचा स्वतःचा. गेल्या वर्षी टायफॉइडनं पडून असताना छताकडे बघत तिनं तो काढला होता, आणि काढल्यावर ताप अर्ध्या डिग्रीनं चढला होता.

मुलगी तूबा सात वर्षांची. तिच्या लेखी बाप म्हणजे छातीपासून वरचा, तळहाताएवढा माणूस. बरं काही सांगायला लागला की नेमका तोंड उघडं ठेवून थिजायचा.

तर हा फहाद दोह्याला एका जहाज कंपनीच्या ऑफिसात मालाची कागदपत्रं तयार करायचा. कंपनीनं ऑफिसचा अर्धा मजला सोडायचं ठरवलं आणि आठ जणांना सांगितलं, घरून काम करा, हवं तर आपापल्या देशातून करा. पगार तिसऱ्या हिश्श्यानं कमी. दोह्यातलं खोलीभाडं, खानावळ आणि दर सुट्टीला अख्ख्या मोहल्ल्यासाठी आणायची अत्तरं वजा केली तर नुकसान नावापुरतंच उरत होतं. अलफियानं ते वजा करून पाहिलं होतं, दोनदा.

पण एक अट होती. घरात स्वतंत्र, बंद खोली हवी. त्या खोलीतल्या टेबलावरून सलग सात दिवस, दिवसातून तीनदा, सकाळी दहा, दुपारी चार आणि रात्री नऊ, इंटरनेटचा स्पीड मोजून त्याचा फोटो पाठवायचा. खाली येणारा आणि वर जाणारा, दोन्ही पन्नासच्या वर पाहिजेत. एकदा जरी खाली गेला तरी जागा कोचीच्या एका माणसाला. आणि हे सात दिवस डिसेंबरच्या दुसऱ्या सोमवारी सुरू झालेच पाहिजेत.

हातात सोळा दिवस होते.

किनाऱ्यावरच्या साखरतर गावातल्या त्या घरात कुठल्याही मोजमापाचं काम निघालं की ते सासऱ्यांकडे जायचं. इद्रीसभाई तीस वर्षं जहाजावर सुकाणी होते. जहाजावर दर चार तासांनी वहीत नोंद करायची असते, ती सवय त्यांना निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. विहिरीचं पाणी, गॅसचा सिलिंडर किती दिवस गेला, शेजारच्या आत्मारामच्या आंब्याला मोहर कधी आला, सगळं वहीत. जाहिरातींवरचा विश्वास त्यांनी दुबईच्या बाजारात एका सोन्याच्या घड्याळाबरोबर कायमचा गमावला होता. ते घड्याळ अंघोळीत हिरवं झालं.

"कंपनीवाला काय सांगतो त्याला किंमत नाही," ते म्हणाले. "तिन्ही प्रकारच्या लाइनी आणू. प्रत्येकीला पाच-पाच दिवस. जी वहीत टिकेल ती ठेवू."

तिन्ही प्रकार म्हणजे काय, ते मोहल्ल्यातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. एक, घरात होतीच ती टेलिफोनची जुनी तांब्याची तार. दुसरी, नितेश केबलवाल्याची काचेची तार, म्हणजे फायबर. ती रस्त्याच्या खांबावरून माडावर आणि माडावरून पुन्हा खांबावर असा प्रवास करत यायची. प्लॅन शंभराचा, वर आणि खाली सारखाच. तिसरा प्रकार हवेतला. गच्चीवर एक पांढरा डबा लावायचा, तो डोंगरावरच्या टॉवरकडे तोंड करून बसतो आणि तारेशिवाय नेट देतो. त्याचा टाय लावलेला माणूस दोनशेच्या खाली बोलतच नव्हता.

तिन्ही आल्या, आणि तिन्ही राउटर हमिदाबींनी, म्हणजे अलफियाच्या सासूबाईंनी, शोकेसमध्ये नेऊन ठेवले.

आता हे शोकेस. फहाद पहिल्यांदा दोह्याला गेला त्या वर्षी हॉल आणि त्याची खोली यांमधलं दार हमिदाबींनी बंद करून टाकलं आणि त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत भिंतभर शोकेस बसवून घेतलं. काचेची सरकती दारं, पाठीला आरसा, म्हणजे प्रत्येक वस्तू दोनदा दिसावी. दर सुट्टीला फहाद जे आणायचा ते त्यात जायचं. सोनेरी कडांचा छत्तीस नगांचा डिनर सेट, ज्यात आजवर कोणी घासभर जेवलं नव्हतं. काचेचा उंट. अरबी कॉफीची सुरई. पाचही वेळा अजान देणारं, अजून प्लास्टिकमध्ये असलेलं घड्याळ. फहादच्या खोलीत जायचं तर तेव्हापासून मागच्या पडवीतून फेरा मारून जावं लागे. किल्ली हमिदाबींच्या कमरेला. त्या शोकेसला बोट लावायची मुभा घरात कोणालाच नव्हती, सुनेला तर नव्हतीच.

"इथंच शोभतात," हमिदाबी तीन राउटरांकडे बघत म्हणाल्या. "तीन दिवे लागलेत, आणि सहा दिसतात."

इद्रीसभाईंनाही ते पटलं. कुलपात आहेत, म्हणजे कोणी बटणं दाबणार नाही. मोजमाप शुद्ध राहील.

मोजायचं काम अलफियाचं, लिहायचं त्यांचं. ठरल्या वेळी ती पडवीतून फहादच्या खोलीत जाऊन लॅपटॉप उघडायची, ते खुर्चीच्या पाठीशी उभे राहून आकडे घ्यायचे. वहीत असं लिहिलेलं होतं: 'सकाळी १०. आभाळ स्वच्छ. वारा मतलई. काचेची तार. खाली २२, वर १९.' दुसऱ्या दिवशी तेच, वारा तेवढा बदललेला. शुक्रवारी दुपारी चारला लिहिलं होतं: 'खाली ९, वर ६. कारण: जुम्मा.'

याला समजावून सांगायची गरज साखरतरात कोणालाच नसते. शुक्रवारी आखातात सुट्टी. तिकडची नमाज झाली, जेवणं झाली की आपल्याकडच्या चार वाजता मोहल्ल्यातलं प्रत्येक घर व्हिडिओवर आपापला माणूस बघायला बसतं. दोहा, दम्माम, कुवेत, मस्कत, सगळे एकदम. नितेशची एकच तार चाळीस घरांत वाटलेली. त्या तासाभरात तिचा पार जीव जातो.

हवेतल्या डब्यानंही खोलीत पंचवीसच्या वर मजल मारली नाही. तांब्याची तार सातावर होती. ती पूर्वीपासूनच सातावर होती, तिच्याकडून कोणाची अपेक्षाही नव्हती.

दहाव्या दिवशी अलफियाला चोर सापडला, आणि तोही न शोधता. तूबाच्या शाळेनं पाठवलेला कसलासा व्हिडिओ बघायला लॅपटॉप हॉलमध्ये आणला होता. हाताला सवय लागलेली, म्हणून तिनं स्पीड मोजायचं बटण दाबलं. काटा उठला आणि सरळ चौऱ्याण्णववर जाऊन उभा राहिला. वर जाणारा त्र्याण्णव.

ती लॅपटॉप उचलून पडवीतून खोलीत गेली. बावीस. परत हॉलमध्ये. चौऱ्याण्णव. परत खोलीत. बावीस.

"आई, हा कोणता खेळ आहे?" तूबानं विचारलं.

"आहे एक," अलफिया म्हणाली. "तू तुझा व्हिडिओ बघ."

हॉल आणि खोली यांच्यामध्ये दीड वीत जाडीची चिऱ्याची भिंत होती. तिच्यातल्या दारावर लाकूड होतं, आणि त्या लाकडावर भिंतभर आरसा. माणसाचं तोंड परत पाठवतो तसा तो आरसा स्पीडही परत पाठवत होता. सासूबाईंना दिवे सहा दिसत होते ते उगाच नव्हे.

त्या दिवसापासून अलफियानं दुसरी वही सुरू केली. मोबाइलमध्ये. नाव दिलं 'किराणा', कारण किराण्याच्या यादीत या घरात कोणी डोकावत नाही. खोलीतलं मोजमाप झालं की सासरे नमाजाला किंवा बंदराकडे जायचे, मग ती हॉलमध्ये बसून खरं मोजमाप घ्यायची. पाच दिवसांत किराणा असा जमला: काचेची तार वर-खाली दोन्ही नव्वदच्या पुढे, सकाळ-संध्याकाळ एकसारखी, शुक्रवारी चार वाजता मात्र अडतीस. हवेतला डबा खाली एकशे ऐंशी, ऐकायला झकास, पण वर जाणारा अठराच. टायवाल्यानं वर जाणाऱ्याचा विषयच काढला नव्हता. आणि शुक्रवारी संध्याकाळी आरे-वारेच्या किनाऱ्यावर पुण्या-मुंबईच्या गाड्या लागल्या, समुद्रासमोर उभं राहून जो तो आपापला व्हिडिओ वर चढवू लागला, तेव्हा तोच डबा वर जायला चार देत होता.

म्हणजे लाइन ठरली होती. फक्त हे सांगायचं कोणी?

सासऱ्यांना सांगायचं की पंधरा दिवस तुम्ही तारा नाही, आरसा मोजलात? सासूबाईंना सांगायचं की तुमचा मुलगा तुमच्या शोकेसमुळे अडकलाय? नऊ वर्षं हे घर अलफियानं ज्या बेतानं सांभाळलं होतं, त्यात असलं वाक्य कधी तिच्या तोंडात आलं नव्हतं. ते दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडी घालायला हवं होतं.

शनिवारी सकाळी तिनं नितेशला फोन लावला.

"नितेशभाऊ, काही नाही, सहज कळवावं म्हटलं. अब्बांच्या वहीत तुमच्या लाइनीला बावीस मार्क पडलेत. शंभरापैकी."

"बावीस?" पलीकडून आवाज चढला. "माझ्या लाइनीला? कोण म्हणतं?"

"वही म्हणते. उद्या ते फहादला कळवणार. मग मोहल्ल्यातही कळेलच."

पंधराव्या मिनिटाला नितेशची मोटारसायकल दारात होती, पाठीला शिडी बांधलेली. हॉलमध्ये पाऊल टाकताच त्यानं शोकेसकडे पाहिलं, आरशाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि त्याला सगळा उलगडा झाला. त्याचा चेहरा बघून अलफियाला वाटलं, सुटले.

"चाची," त्यानं सुरुवात केली, "हे डबे इथं कोणी..."

"मीच ठेवलेत," हमिदाबी स्वयंपाकघरातून बशी घेऊन आल्या. बशीत नारळाच्या दुधातली गरम सांदणं. "बस. कसे दिसतात?"

नितेशनं एक सांदण तोंडात टाकलं. मग हमिदाबींच्या कमरेच्या किल्लीकडे पाहिलं. मग दुसरं टाकलं.

"एकदम शोभून दिसतात, चाची."

"मग बावीस का येतात?" इद्रीसभाईंनी वही उघडून विचारलं.

नितेशनं सावकाश गिळलं. "हवामान, चाचा."

इद्रीसभाईंनी लिहून घेतलं: 'केबलवाल्याचं म्हणणं: हवामान.' आणि पुढे स्वतःचं एक उद्गारचिन्ह दिलं.

फाटकाशी अलफियानं त्याला गाठलं. "हवामान? शिडी घेऊन आलात ते हवामान सांगायला?"

"भाभी, हात जोडतो. चाळीस घरं आहेत माझी इथं. चाचीच्या शोकेसला नावं ठेवली तर उद्या चाळीस घरं माझी लाइन कापतील."

"मग मागच्या खिडकीतून आणा तार. शोकेसला हातच नको लागायला."

"मागं आत्मारामकाकांचा आंबा. आंब्यावर वानरं. आमची तार म्हणजे त्यांचा झोका. महिन्यातून चारदा तुटेल, मग तुमची ती कंपनी काय म्हणेल?" तो गाडीवर बसला, पण किक मारेना. "सांदणं मात्र... बरं, ऐका. शोकेस हललं, तर आतपर्यंत वायर मी ओढून देतो. एक पैसा घेणार नाही. पण हलवायचं तुम्ही."

आणि गेला. पोटात सहा सांदणं आणि अंगावर कसलीच जबाबदारी नाही, असा.

रविवारी दुपारी इद्रीसभाई पडवीतल्या खुर्चीत निकाल वाचायला बसले. दुसऱ्या दिवशी सोमवार. हमिदाबी पायरीवर कोळंबी सोलत होत्या. अलफिया दाराला टेकून उभी.

"तांब्याची तार, नालायक. नितेशची तार, बावीस. हवेतला डबा, पंचवीस." त्यांनी चष्मा काढला. "जाहिरातीत शंभर आणि दोनशे. मी पहिल्या दिवशीच म्हणालो होतो." आपण म्हणालो तेच झालं याचं समाधान त्यांच्या तोंडावर होतं, आणि त्या समाधानाखाली एक म्हातारा बाप होता, तो काही केल्या झाकला जात नव्हता. "फहादला कळवतो. जाऊ दे ती जागा कोचीवाल्याला. खोटे आकडे पाठवणारा माणूस मी नाही."

त्यांनी फोन हातात घेतला. एका बोटानं टाइप करायचे, त्यामुळे अलफियाकडे तीन-चार मिनिटं होती. तिनं त्यातलं एक मिनिट घाबरण्यात घालवलं.

"अब्बा, नका पाठवू."

"का?"

"आकडे खरे आहेत. पण ते तारेचे नाहीत."

"मग कोणाचे?"

"शोकेसचे."

कोळंबी सोलणारा हात थांबला.

"शोकेसनं काय केलं?" हमिदाबींनी विचारलं.

आता सुरुवात झालीच होती, तेव्हा अलफियानं सगळं एका दमात सांगून टाकलं. चिऱ्याची भिंत, आरसा, हॉलमधले चौऱ्याण्णव, खोलीतले बावीस, आंब्यावरची वानरं, नितेशची सांदणं. शेवटी मोबाइल सासऱ्यांपुढे धरला. त्यांनी चष्मा परत चढवला.

"किराणा," त्यांनी वाचलं. "फायबर चौऱ्याण्णव, त्र्याण्णव. हा कसला किराणा?"

"मीच लिहिलंय, अब्बा. तुम्ही बाहेर गेल्यावर."

"म्हणजे माझी वही खोटी?"

"खोटी नाही. खोलीत जे आलं तेच तुम्ही लिहिलंत. फक्त..."

"फक्त काय? सोळा दिवस! वारा, हवा, सगळं धरून! आणि तुझा किराणा बरोबर?"

"वाऱ्याचं आणि नेटचं काय नातं आहे ते तरी सांगा एकदा!" अलफियाच्या तोंडून निघून गेलं, आणि तिनं स्वतःच तोंडावर हात ठेवला. नऊ वर्षांत सासऱ्यांना उलट बोलण्याची ही पहिलीच वेळ.

या दोघांचं चाललं होतं तेव्हा हमिदाबी उठल्या. हाताला लिंबू चोळून हात धुतले, पदराला पुसले आणि आत गेल्या. किल्लीचा आवाज आला. काच सरकल्याचा आवाज आला. दोघं धावत हॉलमध्ये गेली तेव्हा सोनेरी कडांच्या सहा बशा जमिनीवर आल्या होत्या आणि सातवी हमिदाबींच्या हातात होती.

"गो अलफिया, उभी काय राहिलीस? धर."

"अम्मी, सगळं नाही काढायला लागणार. मधला एक आरसा निघाला तरी..."

"एकच कशाला?" हमिदाबी म्हणाल्या. "हे बसवलं तेव्हा तो दोन वर्षांत येतो म्हणाला होता. रिकामी खोली दिसायला नको म्हणून दार झाकलं मी. दोन वर्षांसाठी. अकरा वर्षं झाली, या उंटाची धूळ पुसतेय. उंटाच्या पाठीवरून किती हात फिरवायचा माणसानं?" त्यांनी उंट अलफियाच्या हातात ठेवला. "पोरगा यायचा तर त्याला दार नको? पडवीतून येणार का, पाहुण्यासारखा?"

मग इद्रीसभाईंकडे वळून: "आणि तुम्ही. स्क्रू काढायचं आणा काहीतरी. वही राहू दे बाजूला."

दोन तासांत शोकेस रिकामं झालं. नितेशला निरोप गेला तसा तो ड्रिल घेऊन धावत आला, हमिदाबींच्या नजरेला नजर न देता. चौघांनी मिळून आरसे उतरवले, फळ्या काढल्या, मधलं दार मोकळं केलं. दाराच्या चौकटीवर एक वाळून कागद झालेली पाल निघाली आणि तिच्याशेजारी खराखुरा एक कागद: फहादची बारावीची मार्कलिस्ट, जी कॉलेजच्या बसमध्ये हरवली होती. रसायनशास्त्र, छत्तीस.

"हिच्यासाठी मी डुप्लिकेट काढायला कोल्हापूरला दोन फेऱ्या मारल्या!" इद्रीसभाई ओरडले. आणि मग, बघता बघता, हसायला लागले. अलफियानं त्यांना असं हसताना बहुतेक पहिल्यांदाच पाहिलं. नितेशही हसला, पण जरा बेतानं.

दार उघडलं. वायर हॉलमधून सरळ टेबलापर्यंत गेली. अलफियानं बटण दाबलं. शहाण्णव. वर जाणारा पंचाण्णव.

"परत," इद्रीसभाई म्हणाले.

शहाण्णव.

"परत."

तिसऱ्यांदाही तेच आल्यावर ते वही घेऊन बसले. जहाजाच्या वहीत खाडाखोड चालत नाही. चुकलं तर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही करायची. त्यांनी सोळा दिवसांवर सोळा रेघा मारल्या, सोळा सह्या केल्या. खाली लिहिलं: 'रद्द. कारण: शोकेस.'

सोमवार ते गुरुवार आकडे नव्वदच्या खाली उतरले नाहीत. पण अलफियाची झोप शुक्रवारनं खाल्ली होती. शुक्रवारी चार वाजता आरसा नसतानाही अडतीसच. तो आरशाचा दोषच नव्हता, तो मोहल्ल्याचा होता. एकदा पन्नासच्या खाली गेलं की संपलं.

"शुक्रवारी त्याला सुट्टीच आहे की," हमिदाबी म्हणाल्या. "काम करणारच नाही तर मोजतात कशाला?"

"कागद सात दिवस म्हणतो, अम्मी. कागदाला शुक्रवार कळत नाही."

हमिदाबींनी गुरुवारी दुपारी चादर अंगावर घेतली आणि बाहेर पडल्या. त्या कुठे गेल्या ते कोणी विचारलं नाही. दिवेलागणीला, मगरिबच्या सुमाराला परत आल्या तेव्हा पिशवीत चार घरांची चार प्रकारची लोणची होती.

शुक्रवारी पावणेचारला नितेश स्वतः येऊन दारात बसला, दिलासा द्यायला की घ्यायला ते नक्की नव्हतं. चारला पाच मिनिटं असताना शेजारच्या गच्चीवरून कोणीतरी हाक मारली, "हमिदाभाभी, झालं का?"

"थांबा गो, अजून वाजायचेत!"

अलफियाच्या लक्षात आलं. खिडकीतून रस्ता दिसत होता. पलीकडच्या ओट्यावर तीन बायका फोन उलटे मांडीवर ठेवून बसल्या होत्या. शुक्रवारी, चार वाजता. असं दृश्य साखरतरात कोणाच्या आठवणीत नसेल.

चार वाजले. तिनं बटण दाबलं. काटा उठला. इद्रीसभाईंनी श्वास घेतला तो सोडलाच नाही.

सत्त्याण्णव.

"झालं!" हमिदाबी खिडकीतून ओरडल्या, आणि क्षणात चाळीस घरांतून चाळीस फोन एकदम लागले. पुढच्याच मिनिटाला अलफियानं गंमत म्हणून पुन्हा मोजलं. चौतीस. इद्रीसभाईंनी पहिल्या आकड्यापुढे प्रामाणिकपणे लिहिलं: 'कारण: मोहल्ला.'

दोह्याहून फहादचा फोन आला तो घाबऱ्या आवाजात. "काय झालंय गावात? माझ्या खोलीतले चौघं वेडे झालेत. वीस मिनिटं कोणाच्याच घरून फोन नाही, कोणी उचलत नाही. कोणी गेलं की काय?"

"कोणी गेलं नाही," अलफिया म्हणाली. "येतंय."

जानेवारीच्या वीस तारखेला फहाद आला. दोन बॅगा, एक कॉम्प्युटर, आणि अत्तर एकही नाही.

आता कोणाचं काय गेलं ते बघू. नितेशची सोळा मीटर वायर आणि एक ड्रिलचं पातं गेलं. चिऱ्याची भिंत वाकडी आहे असं तो सांगतो. इद्रीसभाईंचे सोळा दिवस गेले आणि हवेतला डबा परत करताना बसवण्याचे पैसे बुडाले. ते टायवाल्याच्या नावानं अजून वहीत आहेत. मोहल्ल्यानं वीस मिनिटं भरली, आखातातल्या माणसांनी वीस मिनिटांची धडधड. फहादनं पगाराचा तिसरा हिस्सा भरला आणि छत्तीस मार्कांवरून बापाची बोलणी खाल्ली, अठरा वर्षं उशिरा. हमिदाबींचं शोकेस गेलं. पाहुणे आले की त्या म्हणतात, लाकूड सागाचं होतं. कंपनीनं काही भरलं नाही. कंपन्या भरत नसतात.

राहिली अलफिया. तिला वाटलं होतं आपण फुकटात सुटलो. पहिल्या सोमवारी सकाळी अकराला तिनं वाटणासाठी मिक्सर लावला, तर फहाद मधल्या दारातून हात जोडत बाहेर आला. "मीटिंग चाललीय गो!" तेव्हापासून मिक्सर सकाळी सातच्या आत. दुपारची झोप बंद, कारण दोह्याची जेवणाची वेळ अडीच तास मागं. चहा दिवसाला पाच, त्यातला एक आलं घातलेला. शिवाय तो ऑफिसात असताना मोठ्यानं हसायचं नाही, आणि नेमकं त्याच वेळी तिला हसू येतं.

बाकी सगळ्यांनी एकदाच भरलं. अलफिया रोज भरते, आणि सहावा कप मागितला तर दोन शब्द सुनावून तोही देते.